चपला मोजणारा साहेब

आमच्या पंचायत समितीत शिक्षण विभागाच्या दाराशेजारी एक लाकडी फलक आहे. आजवरच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांची नावं, कधी आले, कधी गेले. गटशिक्षणाधिकारी म्हणजे तालुक्यातल्या सगळ्या झेडपी शाळांचा साहेब. आमच्याकडे हे साहेब फार टिकत नाहीत. कुणी सात महिने, कुणी अकरा. एक तर उन्हाळ्याच्या सुट्टीत आले आणि शाळा उघडायच्या आत गेलेसुद्धा. बिचाऱ्यांनी चालू शाळा पाहिलीच नाही. गेल्या आठवड्यात सेवापुस्तकाच्या कामाला गेले, तर पेंटर नवीन नाव रंगवत बसला होता. मी वरच्या ओळीकडे पाहिलं. तिथे नाव नव्हतं, नुसता पांढुरका डाग.

"ही ओळ का सोडली रे?" मी विचारलं.

"तिथं खडूनं लिव्हेल होतं मॅडम. कुणीतरी पुसलं," तो म्हणाला आणि पुन्हा ब्रश बुडवून कामाला लागला.

ती ओळ वाघमोडे साहेबांची. खडूनं लिहायला त्यांनीच सांगितलं होतं. ते मूळचे विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकाऱ्याची खुर्ची त्यांच्याकडे नुसती पदभार म्हणून होती. आमच्या जिल्ह्यात हे नेहमीचंच आहे. पक्का साहेब नेमला की तो कायद्यावर बोट ठेवतो. प्रभारी नेमला की तो वर बघून चालतो, कारण एका कागदानं बसवलेला माणूस एका कागदानं उठवता येतो. साहेबांना हे पक्कं ठाऊक होतं. पहिल्या दिवशी पेंटर आला तेव्हा म्हणाले, "खडूनं लिही बाबा. मी उसना साहेब हाय. ज्यानं दिला तो कवा बी माघारी नेईल. रंग कशाला वाया घालतो?" सगळं ऑफिस हसलं. मीही हसले होते, कुठल्याशा टपालासाठी तिथेच उभी होते.

माणूस दिसायला अगदीच साधा. काळा, उंच, खांदे जरा पुढे आलेले. पायात जाड वहाणा. फिरायला मोटारसायकल, आणि ती इतकी हळू चालवायचे की वस्तीवरची कुत्रीसुद्धा मागे धावायचा कंटाळा करत. डब्यात भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. शाळेतला चहा घ्यायचा नाही, हा नियम. "चहा पेलो की डोळे मिटत्यात," म्हणायचे. कुणी "बसा साहेब" म्हटलं की आधी उभ्यानं शाळा बघून घ्यायचे आणि मग म्हणायचे, "बसतो की. खुर्ची काय, बसायलाच असती."

त्यांची माझी खरी गाठ पडली ती माझ्या शाळेत. आष्टीकडच्या एका वस्तीवर मी मुख्याध्यापिका. दोन खोल्या, दोन शिक्षिका, पट एक्केचाळीस. दिवाळी नुकतीच झाली होती. आमच्याकडे दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि पोरं आईबापाबरोबर जातात. पोरं गेली तरी आम्ही त्यांची हजेरी मांडतो. पट कमी झाला की शिक्षक कमी होतो, म्हणून सगळेच मांडतात. मी काही जगावेगळी नव्हते.

बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला, पण आत कोणी येईना. मी दारात आले, तर हा माणूस व्हरांड्याच्या पायरीपाशी वाकून उभा, अंगठा बोटांच्या पेरांवर फिरतोय, ओठ हलतायत. पोरांच्या चपला मोजत होते. मोजून झाल्यावर हजेरी मागितली. मी एक्केचाळीस जण हजर मांडलेले.

"बाहेर सत्तावीस जोड हायेत," ते म्हणाले. "बाकी चौदा जण अनवाणी आले काय?"

पोरं टकामका बघत होती. वाटलं आता नोटीस येणार, आपलं काही खरं नाही. त्यांनी हजेरी मिटून माझ्या हातात दिली आणि बाहेर नेऊन हळूच म्हणाले, "बाई, माझा बाप मेंढरं राखायचा. त्याला लिव्हता येत नव्हतं. सांजच्याला मेंढवाड्याच्या दारात हुभा राहून मेंढरू न् मेंढरू मोजायचा. एक कमी भरलं की कंदील घेऊन निघायचा. तुमच्या कागदावर पोरगं हजर हाय म्हणल्यावर त्याला हुडकायला कोण जाणार हो?"

बावीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी इतक्या हळू आवाजात इतकं झोडपलं नव्हतं. नोटीस काढली नाही. "चला, गाडीवर बसा," म्हणाले. टोळ्या अजून गावाबाहेर ट्रॅक्टरची वाट बघत होत्या. आम्ही तिथे गेलो. माझ्या वर्गातली कावेरी, पाचवीतली, कडेवर भाऊ घेऊन भांड्यांच्या ढिगावर बसली होती. तिच्या आईनं आधीच हात जोडले. "साहेब, हिला ठिवलं तर ह्याला कोण बघंल? मी फडात, ही खोपीवर. असंच चालतंय आमचं."

साहेब खाली मातीत बसले. समजावणं वगैरे काही नाही. म्हणाले, "मावशे, मला बी माझ्या बहिणीनंच कडेवर वाढवलं. मी साहेब झालो. तिला आजून सही येत न्हाई. माझ्या कागदावर अंगठा देती." तिनं कावेरीच्या कडेवरचं पोर आपल्याकडे घेतलं. मग म्हणाली, "ठिवून घ्या. पर दोघांला बी ठिवून घ्या." तेव्हापासून कावेरी आणि तिचा भाऊ, त्यांच्या आजीकडे राहून, हंगामी वसतिगृहात जेवू लागले. हे वसतिगृह म्हणजे मोठी इमारत नाही हो. आईबाप तोडीला गेल्यावर गावात मागे राहिलेल्या पोरांना शाळेतच दोन वेळचं जेवण, इतकंच.

साहेबांची आणखी एक खोड सांगायची राहिली. मोजून झालं की ते खाली बसून पोरांच्या चपला सरळ लावायचे, तोंड बाहेरच्या बाजूला करून. "सुटल्यावर पोरं पळत सुटत्यात. पायात घालाया सोपं जातं," म्हणायचे. तालुक्याचा साहेब पोरांच्या चपलांना हात लावतो हे आमच्या काही शिक्षकांना फार लागलं. त्यांना वाटे, साहेबानं असं केलं की आपलीही किंमत उतरते. मला मात्र बघून बरं वाटायचं. माझ्या शाळेतली पोरं पुढेपुढे आपणच चपला ओळीत लावू लागली, आणि साहेब आले की ओरडायची, "मोजा, मोजा!"

आता भाऊंचं सांगते. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. नाव सांगायची गरज नाही, आमच्याकडे नुसतं भाऊ म्हटलं की कळतं. वाघमोडेंना पदभार दिला भाऊंनीच. निवडणूक जवळ आली होती आणि मेंढपाळांच्या वस्त्यांची मतं भाऊंना हवी होती. दिवाळीनंतर सत्कार ठेवला, फेटा बांधला, आणि भाऊ माइकवर म्हणाले, "वाघमोडे म्हणजे आपल्या घरचा माणूस!" आम्ही सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. साहेबांनी मान खाली घालून फेटा सांभाळला. दुसऱ्या दिवशी माझ्या शाळेत आले तेव्हा म्हणाले, "बाई, घरचा माणूस म्हणलं की मला भ्या वाटतं. घरच्या माणसाला कुणी बी काय बी सांगतं."

सांगायला फार दिवस लागले नाहीत. शेजारच्या गावात भाऊंचे खास, तात्या. शाळा समितीचे अध्यक्ष, आणि तिथलं हंगामी वसतिगृह त्यांच्याच हातात. कागदावर साठ मुलं. सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं की तिथे वीस मुलं तरी जेवतात की नाही देव जाणे. बाकीची पोरं खरंतर फडात आईबापाबरोबर होती, आणि त्यांचा घास तिकडे कुठेतरी जात होता. साहेबांना हे तपासायला जायचं होतं. कसं कोण जाणे, तात्यांना आधीच कळलं. आणि त्यांना हेही ठाऊक होतं की साहेब कागद बघत नाहीत, चपला बघतात.

मग काय केलं असेल? गावभर फिरून चपला गोळा केल्या! मी त्या दिवशी तालुक्याच्या कामासाठी साहेबांच्या बरोबर होते म्हणून डोळ्यांनी पाहिलं, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. व्हरांड्यात साठ जोड, अगदी नीट ओळीत, तोंडं बाहेरच्या बाजूला. साहेब वाकले, मोजायला लागले. आणि मोजता मोजता थांबले. एक जोड उचलला. मोठ्या माणसाची चप्पल, चांगली नऊ नंबरची, टाचेला टायरचा तुकडा ठोकलेला.

"तात्या, हे पोरगं कितवीत हाय?"

"पहिलीत असंल की," तात्या सावरत म्हणाले.

"लई उफाड्याचं हाय. जपा त्याला, भरतीत जाईल." मग दुसरा जोड उचलला. म्हाताऱ्या बाईच्या, अंगठ्यापाशी झिजलेल्या. "आन् ही विद्यार्थिनी कुठं हाय? हिला भेटायचंय मला." तेवढ्यात मागच्या घरातून एक आजी अनवाणी येऊन उभी राहिली आणि विचारू लागली, "आवं, माज्या चपला झाल्या का बघून? मला रानात जायचंय." मी तोंडाला पदर लावला. साहेबांनी हात धरून आजीला चपला घालायला दिल्या. मग आत गेले, पोरांना हाताला धरून एकेक मोजलं. एकोणीस. अहवालात तेवढंच लिहिलं.

त्या दुपारी आम्ही हसत परत आलो. वाटलं, आता काहीतरी सुधारेल. किती भोळे आम्ही! तात्यांचा फोन वाटेतच आला. साहेबांनी गाडी बाजूला घेतली, फोन कानाला. तिकडून काय बोलले ते मला ऐकू येत होतं, इतका आवाज चढलेला. "तुमाला खुर्चीवर कुणी बसवलं?" साहेब म्हणाले, "खुर्ची भाऊंनी दिली तात्या. डोळे आईनं दिलेत. ते कसे माघारी देऊ?" फोन खिशात घातला आणि गाडी पुन्हा हळूहळू रस्त्याला लावली.

पुढच्याच महिन्यात आमच्या केंद्राची शिक्षण परिषद होती. बारा शाळा, त्रेचाळीस शिक्षक. दर महिन्याला होते. दिवसभर बसायचं, भाषणं ऐकायची, डबे खायचे, सह्या करून घरी. हजेरीचा कागद फिरतो तेव्हा वर काहीही लिहिलेलं नसतं. मजकूर नंतर टाकतात. वर्षानुवर्षं हीच पद्धत. त्या दिवशी आमचे केंद्रप्रमुख देशमाने सर दोन कागद फिरवत होते. "एक तालुक्याला, एक जिल्ह्याला," म्हणाले. कुणी विचारलं नाही. मी शेजारच्या बाईशी लोणच्याबद्दल बोलता बोलता दोन्हींवर सही ठोकली. बावीस वर्षं पोरांना शिकवलं की वाचल्याशिवाय सही करू नका, आणि स्वतः अशी सही केली.

दुसऱ्या कागदावर मजकूर आला तो हा: वाघमोडे हे शाळाभेटीत महिला शिक्षिकांच्या पायताणांकडे बघत उभे राहतात, वाकतात, चपलांना हात लावतात, त्यामुळे शिक्षिकांना काम करणं अवघड झालं आहे, सबब त्यांचा पदभार काढावा. खाली आमच्या त्रेचाळीस सह्या. माझी सहावी.

मला हे कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. एवढा घाण आळ! आणि तोही आमच्या तोंडून! त्यांना उठवायला एक कागद पुरतो हे ठाऊक होतं, पण तो कागद आम्ही पुरवला. मी त्या दिवशी रडले, आणि शिव्याही दिल्या, देशमान्यांना, तात्यांना, त्यातल्या त्यात स्वतःला.

चौकशी लागली. जिल्ह्याहून अधिकारी येणार, सगळ्यांचे जबाब घेणार. आदल्या दिवशी आमच्यातल्या दहाबारा जणांनी ठरवलं की खरं सांगायचं, कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या म्हणून. पहिलं बोलायचं मी, कारण आळ बायकांच्या नावानं घातलेला, तर बाईनंच तो खोडावा. मी स्वतः साहेबांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसून शेंगा सोलत होते.

"साहेब, काळजी करू नका. मी सगळ्यांच्या आधी उठून सांगते. शब्द आहे माझा."

त्यांनी शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, "शब्द नका देऊ बाई. घरी तुमची सासू अंथरुणाला खिळलेली हाय. मला ठाव हाय. जमलं तर बोला, न्हाई जमलं तर न्हाई." मला तेव्हा राग आला होता, माणूस आपल्यावर विश्वास ठेवत नाही म्हणून. मी दोनदा, तीनदा सांगितलं की मी बोलणारच. शेवटी ते म्हणाले, "बरं. मग हंगाम संपेपर्यंत तरी मला राहू द्या म्हणावं. कावेरीचं सहावीत नाव घातलं की मग काय बी करा."

त्यांनी स्वतःसाठी मागितलेलं एवढंच होतं.

चौकशीच्या दिवशी सकाळी तात्या आमच्या घरी आले. ओरडले नाहीत, धमकावलं नाही. चहा घेतला, सासूबाईंच्या खाटेशी बसून तब्येत विचारली, आणि उठताना आमच्या यांना म्हणाले, "गुरुजी, माजलगावकडं लई जागा रिकाम्या हायेत म्हणं. प्रतिनियुक्तीवर कुणाला तरी धाडावं लागंल. बाईंला धाडलं तर तुमची आई कोण बघंल, असं मी भाऊंला म्हणलो. भाऊ म्हणले, बघू आज काय होतंय ते." आमचे हे माझ्याकडे बघत राहिले. बोलले असते तर बरं झालं असतं.

चौकशी तालुक्याच्या मुलींच्या शाळेत होती. मोठ्या खोलीत सतरंज्या घातलेल्या, म्हणून सगळ्यांच्या चपला बाहेर. साहेब एका बाजूला खुर्चीवर, मांडीवर हात ठेवून. अधिकाऱ्यांनी आधी कोण येतं ते विचारलं आणि मी पुढे गेले. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला, वरचा मजकूर तळव्यानं झाकून, फक्त सह्या दिसतील असा.

"ही सही तुमची?"

वरचं हातानं झाकलं होतं म्हणून काय झालं? मला मजकूर पाठ होता. 'सही माझी आहे, पण' एवढंच म्हणायचं होतं. 'पण' म्हटलं असतं तर पुढचं आपोआप आलं असतं. माझ्या मागे बेचाळीस जण बसले होते, आणि साहेब माझ्याकडे बघत नव्हते, खाली सतरंजीकडे बघत होते.

"हो," मी म्हणाले. "सही माझीच आहे."

आणि परत येऊन बसले. झालं. पहिलीच मी होय म्हणाले, मग बाकीच्यांना काय पडलंय? एकेक उठत गेला आणि होय म्हणत गेला. आदल्या दिवशी माझ्या घरी बसून चहा पिऊन शपथा घेतलेल्या दहाबारा जणांनीही होय म्हटलं. मी त्यांच्यावर चिडायचा प्रयत्न केला. कुठल्या तोंडानं चिडणार?

पुढचं आधीच सांगून टाकते. चार दिवसांत कार्यमुक्तीचा कागद आला. साहेबांना दूरच्या तालुक्यात मूळ पदावर पाठवलं. निरोप समारंभ झाला नाही. भाऊंना कुणीतरी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आता खुद्द शिक्षकांचीच तक्रार होती, मी काय करणार?" घरचा माणूस! तात्यांच्या वसतिगृहात कागदावर पुन्हा साठ झाले, आमच्या शाळेतलं मात्र बंद झालं, अहवाल वेळेत गेला नाही म्हणे. कावेरीच्या म्हाताऱ्या आजीला दोघांचं जेवण होईना. हंगाम संपायच्या आधीच तिचा बाप येऊन दोघांना फडावर घेऊन गेला. मला माजलगावला पाठवलं नाही. मी अजून त्याच शाळेत आहे आणि रोज सकाळी पायरीवर उभी राहून चपला मोजते. हजेरी खरी मांडते. त्याचा आता कुणाला काय उपयोग, ते मलाही ठाऊक नाही.

साहेबांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच चौकशीच्या दिवशी. शेवटचे दोनतीन जबाब चालू होते आणि मला आत बसवेना, म्हणून मी बाहेर व्हरांड्यात येऊन खांबाला टेकून उभी राहिले. थोड्या वेळानं साहेब बाहेर आले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, शिवी देतील. दिली असती तर मी पाया पडले असते. पण ते दाराशी थांबले. समोर आमच्या चपलांचा ढीग पडला होता, सकाळी सगळ्यांनी घाईघाईत काढलेल्या, एकावर एक, उलट्यासुलट्या. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायला लागला. ओठ हलत होते. मी ओरडून सांगणार होते की साहेब, नका मोजू.

त्यांनी शेवटपर्यंत मोजलं. मग आपल्या वहाणा ओळखून पायात सरकवल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुमच्या केंद्राची हजेरी आज पुरी भरली," ते म्हणाले. "त्रेचाळीसला त्रेचाळीस. एक बी गैरहजर न्हाई."

आवाज नेहमीसारखाच हळू होता. पायऱ्या उतरून ते मोटारसायकलपाशी गेले. त्या दिवशी त्यांनी एकाही चपलेला हात लावला नाही. गाडी फाटकाबाहेर पडली तरी मी त्या ढिगात वाकून माझी दुसरी चप्पल शोधत होते.